दोन्ही पाय लाल, अंगात ताप नाही, तरी धावरं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यातल्या नौपाड्याहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५६. बरीच वर्षं त्या घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवतात. सकाळचे डबे आणि संध्याकाळच्या पोळ्या मिळून दिवसाचे आठ-नऊ तास ओट्यापाशी उभ्यानेच जातात. गेल्या वर्षभरात तीनदा त्यांच्या दोन्ही पायांना घोट्याच्या वर लाली आली, सूज आली, प्रचंड खाज सुटली, एकदा पाणीही वाहिलं. डॉक्टरांनी 'सेल्युलायटिस', म्हणजे धावरं, त्वचेतला जंतुसंसर्ग सांगितला. दोनदा गोळ्या झाल्या, एकदा पाच दिवस ॲडमिट होऊन सलाइनमधून अँटिबायोटिक झालं. दर वेळी उतार पडतो आणि काम सुरू केलं की काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. ताप एकदाही आला नाही. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, साखर 'बॉर्डरवर' आहे. आता चौथी खेप. मुलगा म्हणतो, ॲडमिट हो आणि या वेळी जास्त दिवसांचा कोर्स कर. बहीण म्हणते, रक्त अशुद्ध झालंय, जळवा लावून घे. सुनेने नातवाला मांडीवर द्यायचं बंद केलं आहे आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने पाय पाहून डबा बंद केला. शेजाऱ्यांचा पाय मधुमेहामुळे कापावा लागला, ती धास्ती वेगळीच. ताई विचारतात, "ॲडमिट होऊ की जळवा लावू? दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर आमच्या डॉक्टरांना राग येईल का? आणि केंद्र बंद करायची वेळ आली आहे का?"

उत्तर

ताई, मुलाचं आणि बहिणीचं पटत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण मुळात दोघं एकच गोष्ट धरून चालले आहेत. पायात काहीतरी घाण शिरली आहे आणि ती मारायची किंवा उपसून काढायची, एवढंच. एकाला ती औषधाने मारायची आहे, दुसरीला जळवांनी काढायची आहे. माझी शंका त्याच्या आधीची आहे. तुमच्या पायात जंतू आहेत, हे ठरवलं कोणी आणि कशावरून?

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलेल्या तीन गोष्टी धावऱ्याशी जुळत नाहीत. पाय दोन्ही आहेत, ताप नाही, आणि दुखण्यापेक्षा खाज जास्त आहे. खरं धावरं बहुतेक वेळा एकाच पायाला होतं. त्वचेला कुठेतरी चीर पडते, तिथून जंतू शिरतात आणि एक-दोन दिवसांत पाय तापतो, ठणकतो, लाली वर सरकते, बऱ्याचदा हुडहुडी भरून ताप येतो. दोन्ही पायांना एकाच वेळी, एकाच उंचीवर, वर्षात तीन-तीनदा धावरं होणं फार क्वचित घडतं. त्यामुळे दोन्ही पाय लाल दिसले की त्वचेचे डॉक्टर आधी दुसरी कारणं शोधतात.

त्यातलं सर्वांत नेहमीचं कारण शिरांचं आहे. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. सोसायटीच्या पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्याच कामाच्या. या झडपा सैल झाल्या की दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी रक्ताचा दाब साचत जातो. बारीक केशवाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पाण्याने सूज येते, पेशींतल्या लोहामुळे त्वचेवर तपकिरी डाग राहतात, आणि या सगळ्याने चिडलेली त्वचा लाल होते, खाजते, तिचे पापुद्रे निघतात, कधी ती ओली होते. याला स्टॅसिस डर्मटायटिस म्हणतात. मराठीत सांगायचं तर शिरांच्या दाबाने झालेला इसब. आग आहे, सूज आहे, पण जंतू नाहीत. बरीच वर्षं असंच चाललं तर त्वचेखालची चरबी आक्रसून कडक होते आणि घोट्याच्या वरचा भाग लाकडासारखा टणक लागतो. त्या दुखण्याला लिपोडर्मॅटोस्क्लेरोसिस असं नाव आहे. ते सुरू होताना पाय इतका दुखरा आणि लाल होतो की अनुभवी डॉक्टरही धावऱ्याकडे झुकतात.

आता तुम्ही विचाराल, मग औषधाने दर वेळी बरं कसं वाटलं? पत्रात सगळ्यात जास्त वेळ मी याच जागी थांबले. ॲडमिट असतानाचे ते पाच दिवस आठवा. पहाटे उठून कणीक मळायची नव्हती. तव्याची धग नव्हती. तुम्ही गादीवर आडव्या होता, आणि पायाला सूज म्हणून नर्सने पायाखाली उशी दिली असणारच. शिरांवरचा दाब पाच दिवस उतरलेला होता. गोळ्यांच्या दोन्ही खेपांनाही घरच्यांनी तुम्हाला काही दिवस ओट्यापाशी उभं राहू दिलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग सूज उतरली, लाली गेली, आणि श्रेय मिळालं सलाइनला. डिस्चार्ज घेऊन तुम्ही पुन्हा आठ तास उभ्या राहिलात, तेव्हा दाबही परतला. लाली परत का येते याचं उत्तर 'कोर्स अपुरा पडला' हे नसून 'उभं राहणं परत सुरू झालं' हे असण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. मुलाला हे नीट समजावून सांगा. त्याची काळजी खरी आहे, पण लांबलेला कोर्स तुमच्या झडपा दुरुस्त करू शकत नाही.

अशी गल्लत फक्त आपल्याकडेच होते असं नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाचा सेल्युलायटिस म्हणून तातडीच्या विभागात आलेले २५९ रुग्ण त्यात तपासले होते. त्यातल्या ७९ जणांना सेल्युलायटिस नव्हताच. म्हणजे साधारण दहातले तीन, आणि तेही एवढ्या मोठ्या रुग्णालयात. तुमच्या डॉक्टरांना दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुस्तकांतली बरीचशी चित्रं गोऱ्या पायांची असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली लालभडक दिसत नाही, ती जांभळट किंवा काळपट दिसते, आणि जुने तपकिरी डाग त्यात मिसळून जातात.

घरी एक गोष्ट करून बघा. संध्याकाळी पाय लाल असताना पलंगावर उताण्या पडा आणि मुलाला तुमचा एक पाय टाचेला धरून वर उचलून धरायला सांगा. एक-दोन मिनिटं थांबा. शिरांच्या दाबाची लाली बऱ्याचदा डोळ्यांदेखत फिकी पडते, धावऱ्याची लाली तशीच राहते. मग नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून सोडा. खड्डा राहतो का? ओट्याला टेकून उभ्या राहा आणि पोटरीवर, गुडघ्यामागे फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात का, ते कोणाला तरी बघायला सांगा. यातून निकाल लागणार नाही. डॉक्टरांना सांगायला मात्र तुमच्याकडे काहीतरी पक्कं असेल.

यापुढचं मी मुद्दाम ठासून सांगते आहे, कारण 'धावरं नसतंच' असं समजून कोणी घरी बसून राहिलेलं मला अजिबात चालणार नाही. ज्यांना शिरांचा त्रास आहे त्यांना खरं धावरंही होऊ शकतं, कारण त्यांची त्वचा आधीच फाटलेली असते. एक पाय अचानक दुसऱ्यापेक्षा जास्त लाल, गरम आणि दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा, काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर ते डॉक्टरांना दाखवता येतं. त्वचा काळी पडू लागली, फोड आले, दिसतंय त्याच्या मानाने वेदना असह्य झाल्या किंवा माणूस ग्लानीत गेला, तर सकाळची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर ती खोलवरच्या शिरेतली गुठळी असू शकते. सोबत धाप लागली तर एक तासही घालवू नका. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांनी पायाच्या कोणत्याही जखमेबाबत थांबून बघायचं नाही.

जळवांबद्दल बहिणीला माझा निरोप द्या. वैद्यांकडे जायला माझी ना नाही, पण सुजलेल्या, पातळ झालेल्या त्या त्वचेला नवी जखम करून घेऊ नका. शिरांच्या दाबाखाली असलेल्या पायाची साधी ओरखड्याची जखमही महिनोन्महिने चिघळते, त्यातून व्रण होतो. शिवाय जळूच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू राहतात, आणि त्यांचा संसर्ग माणसाला झाल्याचं वैद्यकात चांगलं नोंदलेलं आहे. ज्या पायात आज जंतू नसतील त्यात ते आपल्या हाताने सोडायचे, हे मला पटत नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे, "डेटॉलच्या पाण्याने धुते, वर मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावते, हळदही लावून बघितली." ताई, हे सगळं आजपासून बंद. जंतुनाशक पाण्याने आधीच चिडलेली त्वचा आणखी कोरडी पडते. न विचारता विकत घेतलेल्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असतं, आणि शिरांच्या इसबावर निओमायसिनची ॲलर्जी येणं फार नेहमीचं आहे. मग इसबावर ॲलर्जीचा दुसरा इसब चढतो आणि सगळ्यांना वाटतं, जंतू वाढले. काही ट्यूबांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कोंबलेलं असतं. गजकर्णावर अशी ट्यूब लावली की ते वरवर दबतं आणि आतून पसरतं. तुम्ही कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा, पाय टिपून कोरडे करा आणि दिवसातून दोनदा साधं, बिनवासाचं पेट्रोलियम जेली लावा. आग शमवायला स्टेरॉइडचं मलम लागतं, पण त्याची ताकद आणि ते किती दिवस लावायचं हे त्वचेच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

ब्लड प्रेशरच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पाकिटावर 'अम्लोडिपिन' लिहिलंय का, बघा. हे औषध आपल्याकडे घरोघरी आहे, चांगलं आहे, पण काही लोकांच्या दोन्ही घोट्यांना त्याने सूज येते, आणि शिरांचा त्रास असलेल्या पायाला ती सूज जड जाते. स्वतःहून गोळी बंद करू नका, त्याने भलतंच होईल. डॉक्टरांना फक्त विचारा की ही सूज गोळीची असेल का, आणि डोस कमी करता येईल का किंवा गोळी बदलता येईल का. याच भेटीत किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि हृदय यांच्या साध्या तपासण्या करून घ्या, कारण दोन्ही पायांच्या सुजेमागे यांपैकीही काही असू शकतं.

खरा उपाय मात्र दाबाचा आहे. पायाच्या शिरांचा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. शिरांच्या झडपांसाठी तो शक्यतो उभं राहून करतात, पलंगावर झोपवूनच उरकत असतील तर विचारा. झडपा गळत आहेत असं निघालं तर लेझरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने ती शीर बंद करता येते आणि पूर्वीसारखी मोठी चिरफाड लागत नाही. ते करा अथवा न करा, दाबाचे मोजे वापरावे लागतील. पण त्याआधी एक तपासणी हवीच. पायाला शुद्ध रक्त पुरवणाऱ्या धमन्या ठीक आहेत का हे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. त्या अरुंद असतील तर घट्ट मोज्याने पायाचं नुकसान होतं. तुमची साखर बॉर्डरवर आहे म्हणून तुमच्यासाठी ही तपासणी टाळण्यासारखी नाही. चालताना पोटरीत कळ येऊन थांबावं लागत असेल तर तेही आवर्जून सांगा.

मोजे घोट्याचं आणि पोटरीचं माप घेऊनच आणा, एक साइज सगळ्यांना बसत नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी, सूज उतरलेली असताना चढवायचे आणि रात्री झोपताना काढायचे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढले की सहज चढतात. ठाण्याच्या दमट हवेत ते नकोसे होतात, पहिला आठवडा तर फारच, हे मला मान्य आहे. बोटं उघडी राहणारे गुडघ्याखालचे मोजे घ्या आणि दोन जोड ठेवा म्हणजे रोज धुता येतील. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो, मग नवे घ्यायचे. क्रेप बँडेज स्वतःच्या मनाने गुंडाळू नका. वर घट्ट आणि खाली सैल झालं तर सूज खालीच अडकते.

केंद्र बंद करू नका. उभं राहायची पद्धत बदला. पोळ्या लाटणं बसून होतं. पोळपाटाच्या उंचीला बसेल असं उंच स्टूल करून घ्या आणि पाय टेकायला खाली पाट ठेवा. भाजणारी दुसरी बाई ठेवता आली तर तुम्ही धगीपासूनही सुटता, कारण उष्णतेने शिरा आणखी फुगतात. उभं राहावंच लागलं तर दर अर्ध्या तासाने जागच्या जागी टाचा वर-खाली करा, पंधरा-वीस वेळा. पोटरीचा पंप त्यानेच चालतो. दुपारचे डबे गेले की अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवले तर तेवढा फायदा होत नाही. संध्याकाळी तलावपाळीला एक-दोन फेऱ्या मारा, चालणं या दुखण्याला मानवतं. गणपतीत मोदकांच्या ऑर्डर या वर्षी निम्म्या घ्या, असं मी अगदी स्पष्ट म्हणेन. पैशांचं नुकसान आहे, पण ॲडमिट होण्याचा खर्च त्याहून मोठा असतो आणि केंद्र तेव्हाही बंदच राहतं.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या रोज बघा. जांभळी नाक्याच्या बाजारातून ओल्या चपलांनी आलात की पाय धुऊन बेचके कोरडे करा, गरज पडली तर बुरशीचं मलम लावा. खऱ्या धावऱ्याचे जंतू बऱ्याच वेळा या चिरांतूनच आत येतात.

तुमच्या डॉक्टरांना राग येईल, ही भीती मला तुमच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये दिसते. इतकी वर्षं ज्यांनी घर सांभाळलं त्यांच्या पाठीमागे जाणं तुम्हाला जिवावर येतंय, ते योग्यच आहे. म्हणून पाठीमागे जाऊ नका, त्यांनाच विचारा. "डॉक्टर, दोन्ही पायांना एकदम होतंय, ताप नाही, खाज फार आहे, आणि झोपून राहिले की उतरतं. हे शिरांचं असेल का? त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठी द्याल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. आणि एखादा रागावलाच, तरी पाय तुमचा आहे. खाजगी तपासणी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, तिथे त्वचारोगाची ओपीडी मिळेल. आत्ता चालू असलेलं अँटिबायोटिक चालू ठेवायचं की थांबवायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या. जुलाब वाढले किंवा त्यात रक्त दिसलं तर मात्र लगेच कळवा. उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी डब्यात जपून ठेवू नका, आणि दुसऱ्या कोणाला देऊ तर मुळीच नका.

सुनेला हे पत्र वाचायला द्या. ती वाईट वागते आहे असं मला वाटत नाही. तिला कोणी सांगितलंच नाही की शिरांचा इसब एकाचा दुसऱ्याला होत नाही. खरं धावरंसुद्धा मांडीवर बसल्याने पसरत नाही. नातवाला तुमच्यापासून दूर ठेवायचं काही कारण नाही. स्वयंपाक करताना ओली जागा स्वच्छ कापडाने झाकलेली असावी आणि पायाला हात लागला तर साबणाने धुवावा, एवढं पुरे. गिऱ्हाइकालाही हेच शांतपणे सांगता येईल.

असाच त्रास असलेल्या इतर वाचकांना दोन शब्द. नडगीवर दुखऱ्या, लाल गाठी उठल्या असतील, विशेषतः तरुण बाईला, तर तो एरिथेमा नोडोसम असू शकतो. त्याच्या मागे बऱ्याचदा घशाचा संसर्ग असतो, आणि आपल्या देशात कधी क्षयही असतो, म्हणून छातीचा एक्स-रे टाळू नका. अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून लाल, हात लावू न देणारी सूज आली तर ती गाऊटची असू शकते. वर्षानुवर्षं एकच पाय जाड होत गेला असेल तर हत्तीरोगाची चौकशी करा. लाली चपलेच्या पट्ट्याच्या किंवा पैंजणाच्या आकाराचीच असेल तर ती ॲलर्जी आहे का, ते आधी बघा.

ताई, त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना तिन्ही वेळची कागदपत्रं, रक्ताचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. ओपीडी सकाळची असते आणि रात्रभर आडवं राहिल्याने तेव्हा तुमचा पाय बराच उतरलेला असेल. म्हणून आजपासून चार दिवस, सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री ओटा आवरल्यावर, दोन्ही पायांचा एकत्र फोटो मुलाला काढून ठेवायला सांगा. खिडकीपाशी किंवा पांढऱ्या दिव्याखाली, त्याच जागी आणि तेवढ्याच अंतरावरून काढायचा, म्हणजे सकाळचा आणि रात्रीचा फरक डॉक्टरांना लगेच दिसेल.